दोन बोटांचा फरक

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पनवेल म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे एसटीचा स्टँड येतो, रेल्वेचे जंक्शन येते आणि पुण्याकडे सुसाट निघालेल्या मोटारी येतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे गाव ओळखले जाई ते बैलगाडीच्या चाकांसाठी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा म्हणून चाके बनवण्याचीच नोंद आहे. देशावरचा माल घेऊन बोरघाट उतरलेली गाडी परत जाताना येथून बहुधा चाकांची एक जोडी घेऊन जाई, असेही त्यात म्हटले आहे.

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना त्या कामातली खुबी ठाऊक असेल. सुतार तुंबा, आरे आणि पाटे जुळवून चाक उभे करतो. मग लोहार त्या चाकाचा घेर मोजतो आणि लोखंडी पट्टीचे कडे त्या घेरापेक्षा किंचित लहान करतो. गोवऱ्यांच्या जाळात कडे लाल होईपर्यंत तापवायचे, ते फुगले की चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सगळे चाक मुठीत धरल्यासारखे घट्ट होते. कडे प्रमाणापेक्षा लहान झाले तर चाक पिचते आणि मोठे राहिले तर भर उन्हाळ्यात, लाकूड सुकल्यावर, धाव रस्त्यातच निसटते. सगळा खेळ दोन बोटांच्या फरकाचा.

आज ज्या माणसाची हकीकत सांगायची आहे, त्याने पनवेलचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. तो अमेरिकेतला, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका गिरणगावातला. पण चाकाच्या घेरातला हा दोन बोटांचा फरक ओळखून त्याने पाच मुलांचा संसार चालवला आणि आपल्या धंद्यात कायमचे नाव केले. त्याचे नाव राल्फ अर्नहार्ट. धंदा मोटारींच्या शर्यतीचा. शर्यतीची मोटार बांधणाराही तोच आणि चालवणाराही तोच.

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्याला फॉर्म्युला वनच्या त्या जमिनीलगत धावणाऱ्या, पाखरासारख्या दिसणाऱ्या गाड्या आठवतात. राल्फच्या गाड्या तशा नव्हत्या. त्या शर्यतीला 'स्टॉक कार' शर्यत म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात असतो तो माल. कोणीही शोरूममधून विकत घ्यावी अशी साधी मोटार घ्यायची, आतून तिला मजबूत करायचे, इंजिनावर हात फिरवायचा आणि धावायला उतरवायचे. आपल्याकडे पनवेल तालुक्यात काय किंवा सगळ्या रायगड जिल्ह्यात काय, बैलगाड्यांच्या शर्यतींचा नाद जुना आहे. मध्ये काही वर्षे त्या बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासंबंधीचा कायदा वैध ठरवला. या शर्यतींतली गाडी शेतातल्या गाडीसारखीच असते, आणि नसतेही. जात तीच, पण वजन काढलेले आणि जिथे जोर पडतो तिथे मजबुती केलेली. स्टॉक कारचेही तसेच समजा.

ही शर्यत धावते गोल मैदानात. एक मैलापेक्षा लहान मैदान असेल तर त्याला 'शॉर्ट ट्रॅक' म्हणतात. राल्फच्या उमेदीच्या काळात यातली पुष्कळशी मैदाने मातीची होती. अर्ध्या मैलाच्या आसपासचा, अंड्याच्या आकाराचा, तांबड्या मातीचा रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे बसायचे मजले आणि डोक्यावर विजेचे दिवे. बुधवार-गुरुवारपासून शनिवारपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी, अशा शर्यती चालत. आपल्याकडे तमाशाचे फड एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जातात, तसे हे चालक गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून गावोगाव हिंडत.

या खेळाचा जन्मही मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात तिच्या आधीही चोरून दारू गाळत आणि नंतरही गाळत राहिले. ती दारू रातोरात शहरात पोचवायची तर पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी वेगवान हवी. दिसायला मात्र ती साधीच हवी. यातून गावोगाव असे हुशार मेकॅनिक तयार झाले, की साध्या फोर्ड गाडीला ते वाऱ्यासारखी पळवत. पुढे रविवारी दुपारी कोणाची गाडी अधिक पळते याच्या पैजा लागू लागल्या आणि त्यातून शर्यती उभ्या राहिल्या. १९४८ साली बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने पुढाकार घेऊन या पसाऱ्याला नियम घालून दिले. ती संस्था म्हणजे नॅस्कार.

नॅस्कारने निव्वळ दुकानातल्या मोटारींची पहिली शर्यत भरवली १९ जून १९४९ रोजी, शार्लट शहरात. ग्लेन डनवे नावाचा चालक पहिला आला. मग पंचांनी गाडी तपासली, तर मागच्या कमानी, म्हणजे ज्यांना आपण पाटे म्हणतो, त्या दारू वाहणाऱ्यांच्या पद्धतीने घट्ट केलेल्या. डनवेचा पहिला क्रमांक काढून घेतला आणि तो जिम रोपर या चालकाला दिला. म्हणजे पहिल्या शर्यतीचा निकाल मैदानात लागला नाही, गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिल्यावर लागला. शर्यत जिंकायची असेल तर ती गॅरेजमध्ये जिंकावी लागते, हे या खेळाने पहिल्याच दिवशी दाखवून दिले होते.

त्याच १९४९ साली, शार्लटपासून जवळच असलेल्या कॅनापोलिस गावात एकवीस वर्षांचा एक तरुण मातीच्या मैदानात गाडी घालू लागला. तोच आपला राल्फ. जन्म २३ फेब्रुवारी १९२८ चा.

या कॅनापोलिस गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते समजले की हा माणूस समजतो. जेम्स कॅनन नावाच्या गिरणीमालकाने विसाव्या शतकाच्या आरंभी शेतजमीन घेऊन तेथे कापडगिरणी उभारली आणि गिरणीभोवती गाव वसवले. टॉवेल आणि चादरी हा तिथला माल. आपल्या सोलापूरचे नाव घेतले की चादर आठवते, तसे अमेरिकेत कॅननचे नाव घेतले की टॉवेल आठवत असे. भरभराटीच्या काळात या कंपनीत वीस हजारांहून अधिक माणसे कामाला होती. कामगारांची घरे कंपनीची, रस्ते कंपनीचे, बाजारपेठेतल्या इमारतीही कंपनीच्या. १९८४ पर्यंत या गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. भोंगा झाला की कामावर जायचे, भोंगा झाला की घरी यायचे. लालबाग-परळच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना याचे वर्णन वेगळे करून सांगायला नको.

अशा गावात जन्मलेल्या मुलापुढे वाट एकच होती, ती गिरणीच्या दरवाजातून आत जाणारी. राल्फही त्याच वाटेने गेला. लग्न लवकर झाले. बायकोचे नाव मार्था. पुढे दोन मुली आणि तीन मुलगे झाले. गिरणीतली नोकरी म्हणजे कापसाची धूळ, यंत्रांचा खडखडाट आणि दर आठवड्याला ठराविक पगार. या शेवटच्या गोष्टीला फार किंमत असते. कोकणातून मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांनी त्याच ठराविक पगारावर गावाकडची घरे चालवली. १९५३ साली पंचवीस वर्षांच्या राल्फने तो पगार सोडला आणि शर्यत हाच पूर्णवेळ धंदा केला.

हे धाडस केवढे, ते नीट लक्षात घ्यायला हवे. या माणसामागे मोटार कंपनी नव्हती की धनिक आश्रयदाता नव्हता. लहान मैदानांवर पहिल्या क्रमांकाला मिळणारे बक्षीस शेकड्यांत मोजावे एवढेच. त्यातून टायर, पेट्रोल, सुटे भाग आणि वर घरातल्या सात माणसांचे पोट. एक दांडगी टक्कर झाली की महिनाभराची कमाई लोखंडाच्या भंगारात. म्हणजे हा जुगारच. राल्फचे वेगळेपण असे, की त्याने तो जुगारासारखा खेळलाच नाही. तो खेळला कोकणातल्या काटकसरी संसारी माणसासारखा.

त्याचे घर गावाच्या ज्या भागात होते, तिथल्या रस्त्यांना मोटारींच्या प्रकारांची नावे होती, सेडान, कोच अशी. लोक त्या वस्तीला 'कार टाउन' म्हणत. घरामागे त्याचे गॅरेज. दिवसा तिथे काम आणि रात्री मैदान. स्वतःच्या गाड्या तर तो बांधेच, शिवाय इतर चालकांसाठीही इंजिने आणि गाड्या तयार करून देई.

मैदानातला त्याचा हिशेबही ठरलेला असे. शर्यतीच्या सुरुवातीला बाकीचे चालक पुढे जाण्यासाठी एकमेकांवर आदळत, टायर झिजवत, इंजिन तापवत. राल्फ मागे राही. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर शांतपणे फेरे मोजत बसे. मातीचे मैदान रात्रभरात बदलत जाते. आरंभी ओल असते, चाके पकड घेतात. मग माती सुकते, गुळगुळीत होते आणि गाडी वळणावर सरकू लागते. हा बदल ज्याला आधी कळतो, तो जिंकतो. शेवटचे काही फेरे उरले की राल्फ आपली जपून ठेवलेली गाडी बाहेर काढी आणि पुढे निघून जाई. पहिला यायचे, पण गाडी धड ठेवून यायचे, कारण उद्या रात्री पुन्हा दुसऱ्या गावी तीच गाडी उतरवायची आहे. फार मोठ्या अंतराने जिंकून दाखवण्याची त्याला हौस नव्हती. बक्षीस एका हाताने जिंकले काय आणि एका मैलाने जिंकले काय, सारखेच.

आता त्या दोन बोटांच्या फरकाकडे येऊ.

शेतकरी श्रोत्यांना खळ्यावरची मळणी आठवत असेल. मध्ये तिवडा, त्याला बैलांची पात जोडलेली आणि बैल गोल फिरताहेत. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि कडेच्या बैलाला मात्र तेवढ्याच वेळात पुष्कळ अंतर चालावे लागते. म्हणून जाणता शेतकरी आत म्हातारा, धिमा बैल जोडतो आणि कडेला तरणा. दोन्ही बैल एकाच चालीचे जोडले तर पात नीट फिरत नाही.

मोटारीच्या मागच्या दोन चाकांचे असेच असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. रोजच्या वापरातल्या मोटारीत त्यासाठी डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरू देते. पण शर्यतीच्या गाडीत ही मोकळीक चालत नाही. एक चाक मातीत नुसतेच फिरत राहिले तर सगळी ताकद तिथेच वाया जाते. म्हणून दोन्ही मागची चाके एकमेकांना जखडून टाकतात. मग दोघांचे फेरे सारखेच होतात आणि गाडी वळायला कुरकुर करते, सरळ भिंतीकडे जाऊ पाहते.

या मैदानांवर गाड्या कायम डावीकडेच वळतात. तेव्हा उजव्या बाजूच्या टायरचा घेर डाव्या बाजूच्या टायरपेक्षा थोडा मोठा ठेवला तर काय होईल? घरी एक पेला आडवा ठेवून ढकलून पाहा. त्याचे तोंड मोठे आणि बूड लहान, म्हणून तो सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला गोल वळतो. गाडीचेही तेच होते. ती आपण होऊन डावीकडे वळू लागते आणि चालकाला चाकाशी झटापट करावी लागत नाही. या युक्तीला इंग्रजीत 'स्टॅगर' म्हणतात, आणि ती समजून उमजून वापरणाऱ्या पहिल्या माणसांत राल्फ अर्नहार्टचे नाव घेतले जाते. एकाच मापाचे म्हणून विकले जाणारे टायरही हुबेहूब सारखे नसतात. हातात टेप घेऊन एकेक टायरचा घेर मोजायचा, हवा कमी-जास्त करून तो जुळवायचा, आज रात्रीच्या मैदानाचे वळण केवढे आहे त्याप्रमाणे जोडी ठरवायची, असे हे काम. पनवेलच्या लोहाराला ते पाहून नवल वाटले नसते. त्याने फक्त विचारले असते, धाव कुठे आहे?

दुसरी एक गोष्टही त्याच्या नावावर सांगितली जाते. चालकाच्या बाजूच्या दारात आडवे लोखंडी दांडे बसवायचे, म्हणजे कोणी बाजूने येऊन आदळले तर दार माणसावर चेपत नाही. आज ही गोष्ट इतकी सर्वसाधारण झाली आहे, की कोणी एके काळी ती पहिल्यांदा केली असेल हे लक्षातही येत नाही. ज्याला उद्याही गाडी चालवायची आहे, तोच माणूस असा विचार करतो.

या पद्धतीला फळ आले. १९५६ साली राल्फ नॅस्कारच्या 'स्पोर्ट्समन' श्रेणीचा राष्ट्रीय विजेता झाला. ही श्रेणी म्हणजे राल्फसारख्या लोकांचीच. जुन्या मोटारी, घरचे गॅरेज आणि गावोगावची लहान मैदाने. त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो नॅस्कारच्या सर्वांत वरच्या श्रेणीत पहिल्यांदा उतरला, तोही आपल्या परिचयाच्या हिकरीच्या मैदानावर. पात्रता फेरीत त्याने सगळ्यांत कमी वेळ नोंदवला आणि सगळ्यांच्या पुढून सुरुवात केली. शर्यतीत मात्र तो दुसरा आला. पहिला आला स्पीडी थॉम्पसन.

एवढी सुरुवात झाल्यावर कोणीही म्हणेल, की आता हा मोठ्या मैदानांकडे जाणार. काळही तसाच होता. १९५९ साली फ्लोरिडात डेटोना येथे अडीच मैलांचे डांबरी मैदान झाले. दुसऱ्याच वर्षी शार्लटजवळ, म्हणजे राल्फच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, दीड मैलाचे मैदान झाले. मोटार कंपन्यांचा पैसा येऊ लागला, वर्तमानपत्रांत फोटो येऊ लागले. राल्फ वरच्या श्रेणीत १९६४ पर्यंत अधूनमधून उतरत राहिला. एकूण ५१ शर्यती धावला. त्यात एकही जिंकला नाही. आणि मग पुन्हा पूर्णवेळ आपल्या मातीच्या मैदानांकडे वळला.

हे अपयश म्हणायचे का? नोंदवहीपुरते पाहिले तर म्हणावे लागेल. पण संसारी माणसाचा हिशेब निराळा असतो. मोठ्या मैदानात खर्च मोठा, गाडी बहुधा दुसऱ्याची आणि वर्षात मोजक्या शर्यती. लहान मैदानात गाडी आपली, हत्यारे आपली, आठवड्यात तीन-चार रात्री कमाई आणि सकाळी घरी. राल्फच्या नावावर लहान मैदानांतले साडेतीनशेहून अधिक विजय सांगितले जातात. हिकरीसारख्या मैदानांवर वर्षाचा विजेता तो पुन्हा पुन्हा झाला. तिथले लोक त्याच्या आडनावावर कोटी करून त्याला 'आयर्नहार्ट' म्हणत, म्हणजे पोलादी काळजाचा.

पण या काटकसरी, अबोल माणसाच्या घरातच एक गाठ पडत गेली, आणि ती सुटली नाही.

तिसरे अपत्य डेल. जन्म २९ एप्रिल १९५१. हा मुलगा गॅरेजमध्ये वडिलांच्या पायात घोटाळत वाढला. कोणता पाना कधी लागतो, हे त्याला पाढ्यांच्या आधी आले असावे. आणि नववीत असताना त्याने शाळा सोडली. त्याला वडिलांसारखी गाडी चालवायची होती. ज्या बापाने गिरणी टाळण्यासाठी जिवाचे रान केले, त्याला मुलाने शिकावे असे वाटत होते. त्याने समजावले, रागावला, पण मुलगा ऐकेना. पुढे सगळे जग जिंकल्यावरही डेल कबूल करत असे, की शाळा सोडून आपण वडिलांचे मन दुखवले, ते करायला नको होते.

१९७० मध्ये डेल मैदानात उतरला, तो १९५६ सालच्या एका जुन्या फोर्ड गाडीतून. तिचा रंग गुलाबी होता. रंग मिसळताना चूक झाली म्हणून तो तसा आला आणि बदलायला पैसे नव्हते, असे सांगतात. बापाने मुलाला आयती गाडी दिली नाही. मात्र एका रात्रीची हकीकत त्या भागात अजून सांगितली जाते. दोन श्रेणींच्या गाड्या एकत्र धावत होत्या. राल्फ सर्वांत पुढे होता आणि एक फेरा जास्त मारून तो मुलाच्या गाडीमागे येऊन पोचला. डेल आपल्या श्रेणीतल्या समोरच्या गाडीला मागे टाकण्याची धडपड करत होता. राल्फने आपल्या गाडीचे नाक मुलाच्या गाडीला मागून टेकवले आणि त्याला ढकलत ढकलत त्या गाडीच्या पुढे नेऊन सोडले. तोंडाने जे बोलणे झाले नाही, ते बहुधा एवढेच.

२६ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, राल्फ अर्नहार्टचे हृदयविकाराने निधन झाले. गिरणीतून सुटण्यासाठी ज्याने घरामागे गॅरेज उभारले, तो त्या गॅरेजमधल्या गाडीवर काम करत असतानाच गेला, असे सांगतात. डेल तेव्हा बावीस वर्षांचा होता. बापलेकांचे बोलणे पुरते व्हायचे राहून गेले. मुलाच्या हाती उरली ती गाडी, हत्यारे आणि पाहून पाहून शिकलेली कामाची पद्धत.

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. डेलने कर्ज काढून, मिळेल ते काम करून गाड्या चालवल्या. १९७५ मध्ये वरच्या श्रेणीत पहिली शर्यत, १९७९ मध्ये उत्कृष्ट नवोदित आणि १९८० मध्ये थेट राष्ट्रीय विजेता. असा तो एकूण सात वेळा विजेता झाला आणि त्याने ७६ शर्यती जिंकल्या. बाप मागे राहून जिंकत असे, तर मुलगा समोरच्याला धक्का देऊन जिंकणारा म्हणून गाजला. पण गाडीच्या मनातले ओळखण्याचे कसब दोघांचे एकच होते.

आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेऱ्यात, डेलची गाडी भिंतीवर आदळली आणि तो जागीच गेल्यासारखा झाला. कवटीच्या तळाशी झालेली इजा हे कारण. डोके झटक्याने पुढे जाऊ नये म्हणून मानेला आधार देणारे एक साधन तेव्हा निघालेले होते, पण ते सक्तीचे नव्हते आणि डेलने ते वापरले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने असे साधन सक्तीचे केले. त्यानंतरच्या वीस वर्षांत त्या संस्थेच्या वरच्या श्रेणींच्या शर्यतीत एकही चालक दगावला नाही. दाराला आडवे दांडे लावणाऱ्या बापाच्या मुलाचा मृत्यू मानेला आधार नसल्यामुळे व्हावा, याला काय म्हणावे? सुरक्षिततेची प्रत्येक नवी गोष्ट कोणाच्या तरी किमतीवर येते. राल्फने निदान आपल्या गाडीपुरती ती किंमत आधीच मोजून ठेवली होती.

कॅनापोलिसच्या गिरणीचे काय झाले? १९८२ हे वर्ष आपण विसरणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी तिकडे कॅनन गिरणी कंपनी एका बाहेरच्या भांडवलदाराने विकत घेतली. मग कामगारांची घरे विकली गेली, कंपनी या हातातून त्या हातात गेली आणि ३० जुलै २००३ रोजी गिरणी कायमची बंद झाली. एका दिवसात त्या परिसरातल्या चार हजारांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. गिरणीच्या इमारती पाडून तिथे संशोधन संस्था उभ्या राहिल्या. परळला गिरणीच्या जागी काचेचे मनोरे आले, तसेच हे. ठराविक पगाराची ती खात्री अखेर खात्री नव्हतीच. १९५३ मध्ये ज्याने ती सोडली, त्याला लोक वेडा म्हणाले असतील. पन्नास वर्षांनी पाहिले तर गिरणी उरली नव्हती, आणि त्याने शिकवलेले कसब मात्र मुलाच्या आणि नातवाच्या हातांत टिकून होते. डेलचा मुलगा, म्हणजे राल्फचा नातू, वरच्या श्रेणीत उतरला तेव्हा त्याच्या गाडीवर आकडा होता ८. तो आजोबांचा आकडा.

आपल्या देशातही या जातीचा एक माणूस होऊन गेला. कोइमतूरचा करिवर्धन. तोही स्वतः गाडी चालवणारा आणि स्वतः बांधणारा. मारुती ८०० चे इंजिन घालून त्याने शर्यतीच्या स्वस्त गाड्या तयार केल्या आणि त्या गाड्यांवर पोरे शिकली. योगायोग असा, की तोही कापडगिरण्यांच्या गावचा, फक्त मालकाच्या घरातला. १९९५ मध्ये विमान अपघातात तो गेला. कोइमतूरजवळच्या शर्यतीच्या मैदानाला त्याचे नाव दिले आहे. राल्फ अर्नहार्टलाही उशिराने मान मिळाला. १९९८ मध्ये नॅस्कारने पन्नास वर्षांतल्या पन्नास सर्वोत्तम चालकांची यादी केली, त्यात सात वेळच्या विजेत्या मुलाबरोबर बापाचेही नाव होते. वरच्या श्रेणीत एकही शर्यत न जिंकलेल्या माणसाचे नाव त्या यादीत यावे, यातच सगळे आले.

आपल्या पनवेलच्या चाके बनवणाऱ्या त्या सुतार-लोहारांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. गॅझेटियरवाल्या साहेबाने चाके मोजली, माणसे नाही मोजली. रेल्वे आली, मग ट्रक आले आणि तो धंदा विरून गेला. पण आजही पनवेलच्या आसपास हायवेच्या कडेला एखाद्या टपरीवजा गॅरेजमध्ये कोणी पोरगा उकिडवा बसून टायरवर हात फिरवताना दिसतो. हाताच्या स्पर्शाने त्याला झीज कुठे आहे ते कळते. पुढच्या वेळी तिथे गाडी थांबली आणि त्याला जरा जास्त वेळ लागला, तर चिडू नका. तो बहुधा दोन बोटांचा फरक शोधत असेल.